दोन वांग आणि एक मा: यातला मोठा कोण, हा वाद नीट घालायचा कसा

टीटी म्हणजे टेबल टेनिस बघणारी चार डोकी जमली की हा विषय निघतोच. एकजण म्हणतो ऑलिम्पिकचं गोल्ड कोणाकडे आहे ते सांग, दुसरा म्हणतो वर्ल्ड, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप, किती जिंकलेत ते बघ, मग आवाज चढतात आणि वाद आहे तिथेच राहतो. मी हा वाद खूप वर्षं घालतोय आणि मला तो मनापासून आवडतो, म्हणून तो कसा घालावा ते लिहितोय. वांग लिचिन, मा लिन आणि वांग हाओ. चीनमध्ये आपल्या या तिघा खेळाडूंना मिळून 'दोन वांग, एक मा' म्हणायचे.

सगळ्यात आधी पिढी ठरवून घ्या, नाहीतर कोणीतरी मध्येच नंतरच्या पिढीतल्या मा लाँगचं नाव घेणार आणि संपलं. लिचिनचा जन्म 1978 चा, मा लिन 1980 चा, हाओ 1983 चा, म्हणजे साधारण 2000 ते 2009 हा काळ धरा. स्वीडनचा वाल्डनर आधीचा, चीनचाच झांग जिके नंतरचा, ते इथे फक्त प्रतिस्पर्धी म्हणून येतील. आपल्याकडे कमलेश मेहता मोठा की शरथ कमल मोठा असं कोणी विचारलं की माझं हेच उत्तर असतं, एकाच्या नावावर 8 राष्ट्रीय विजेतेपदं, दुसऱ्याच्या 10, पण ते एकमेकांचे समकालीन नव्हतेच तर तुलना कशावर करणार?

मग एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा: ऑलिम्पिक, वर्ल्ड चॅम्पियनशिप, वर्ल्ड कप. शेवटच्या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत हे समोरच्याला आधीच सांगा, अर्धी भांडणं त्या गोंधळातूनच होतात. सिंगल्सचं भरायचं तर लिचिनची वर्ल्ड चॅम्पियनशिप तीन, 2001, 2005 आणि 2007, ऑलिम्पिकला दोन ब्राँझ, वर्ल्ड कप एकही नाही. मा लिनचं 2008 चं ऑलिम्पिक गोल्ड आणि चार वर्ल्ड कप, पण वर्ल्ड चॅम्पियनशिप नाही, तिथे तीन फायनल हरला. हाओची एक वर्ल्ड चॅम्पियनशिप 2009 ची, तीन वर्ल्ड कप, आणि ऑलिम्पिकला सलग तीन सिल्व्हर, 2004, 2008, 2012.

तिघांपैकी एकाकडेही तिन्ही रकाने भरलेले नाहीत. जो फक्त आकडे मोजणार तो त्याला आवडणारा रकाना पुढे करणार. म्हणून मोजू नका, वजन करा. वर्ल्ड चॅम्पियनशिपचा ड्रॉ 128 खेळाडूंचा आणि त्यात चीनचे बरेच जण असतात, म्हणजे तुम्हाला परदेशी तर हरवायचेच, वर रोज ज्याच्यासोबत सराव करता, ज्याला तुमची प्रत्येक सर्व्हिस पाठ आहे, त्यालाही हरवायचं. शिवाय सिंगल्स दोन वर्षांतून एकदाच. वर्ल्ड कप दरवर्षी व्हायचा आणि त्यात खेळाडू मोजके, एका देशाचे तर अगदीच थोडे. ऑलिम्पिक चार वर्षांनी एकदा, तिथे दडपण सगळ्यात जास्त पण ड्रॉ वर्ल्डइतका खोल नाही. माझ्या हिशोबात म्हणून एक वर्ल्ड चॅम्पियनशिप दोन वर्ल्ड कपपेक्षा जड. तुम्हाला पटत नसेल तर तुमचं वजन तुम्ही ठरवा, फक्त नावं बघायच्या आधी ठरवा.

पुढची पायरी, आपसात कोणी कोणाला कुठे हरवलं. इथे मजा येते कारण गोल गोल फिरतं. अथेन्स 2004 च्या सेमीला हाओने लिचिनला काढला. शांघाय 2005 आणि झाग्रेब 2007, दोन्ही वर्ल्ड फायनलला लिचिनने मा लिनला हरवलं. बीजिंग 2008 ला मा लिनने सेमीत लिचिनला आणि फायनलला हाओला हरवलं. योकोहामा 2009 च्या वर्ल्ड फायनलला हाओने लिचिनला 4-0 धुतला, पण तेव्हा लिचिन तिशीत होता हेही बोला.

बाहेरच्यांकडून झालेले पराभवही लपवू नका. पॅरिस 2003 च्या वर्ल्डला लिचिनकडे मॅच पॉइंट असताना ऑस्ट्रियाच्या श्लागरने ती मॅच फिरवली आणि पुढे चॅम्पियन झाला, तिथेच मा लिन कोरियाच्या जू से-ह्युकसारख्या डिफेन्डरकडून, म्हणजे मागे राहून नुसता बॉल परतवत राहणाऱ्याकडून, हरला. अथेन्सला मा लिनला 38 वर्षांच्या वाल्डनरने घरी पाठवलं. आणि हाओची अथेन्सची फायनल, कोरियाच्या र्‍यू सुंग-मिनविरुद्धची, ती बघताना मला अजूनही वाईट वाटतं.

नियम विसरू नका. ऑक्टोबर 2000 मध्ये बॉल 38 चा 40 मिलिमीटर झाला, 2001 मध्ये गेम 21 वरून 11 वर आला, 2002 मध्ये सर्व्हिस शरीराआड लपवणं बंद झालं, 2008 च्या ऑलिम्पिकनंतर स्पीड ग्लू, म्हणजे बॅटच्या रबराचा वेग वाढवणारा गोंद, गेला. आता बघा, लिचिनचं पहिलं वर्ल्ड 2001 चं ओसाकाचं, हा बदल व्हायच्या आधीचं, 21 पॉइंटच्या गेमचं, पुढची दोन 11 पॉइंटची. अकरामध्ये दोन चुका झाल्या की गेम हातातून जातो, तरी तो माणूस दोन्हीकडे जिंकला, हे मला फार मोठं वाटतं. हाओच्या बाजूने बोलणाऱ्याने मग हे म्हणावं की ग्लू गेल्यानंतरचं सिंगल्सचं पहिलं वर्ल्ड त्याने जिंकलं.

हाओच्या बाजूचा खरा मुद्दा मात्र पदकांच्या कागदावर येतच नाही. जुना पेनहोल्डवाला, म्हणजे पेनसारखी बॅट पकडणारा, बॅकहँडला नुसता ब्लॉक करायचा किंवा धावत जाऊन फोरहँड मारायचा, र्‍यू तसाच खेळायचा. बॅटच्या मागच्या बाजूने बॅकहँड मारणं हाओच्या आधीही होतं, मा लिनही अधूनमधून मारायचा, पण हाओने तोच आपला मुख्य बॅकहँड केला आणि शेकहँडवाल्यांशी, म्हणजे हात मिळवल्यासारखी बॅट पकडणाऱ्यांशी, त्याच कोपऱ्यातून उघड भिडला. आज फ्रान्सचा फेलिक्स लेब्रन पेनहोल्ड पकडून तसाच बॅकहँड मारतो आणि पॅरिस 2024 ला सिंगल्सचं ब्राँझ घेऊन गेला. म्हणून कागदावर चौथा रकाना आखा, खेळावर ठसा, आणि तिथे हाओला सगळ्यात वर लिहा.

माझं मत विचाराल तर लिचिन. ऑलिम्पिकचं सिंगल्स गोल्ड नाही, मान्य आहे, पण तीन वर्ल्ड आणि त्यातल्या तिन्ही फायनल चीनच्याच खेळाडूंविरुद्ध, ओसाकाला तर कोंग लिंगहुई समोर होता जो आदल्याच वर्षी ऑलिम्पिक चॅम्पियन झालेला. मा लिनवाल्यांशी बोलताना मी त्याच्या सर्व्हिसचं आणि नेटजवळच्या हाताचं मनापासून कौतुक करतो, तसा हात दुसऱ्या कोणाला नव्हता.

मॅच न बघता यातलं काहीच बोलू नका. झाग्रेबची फायनल पूर्ण लावा, मा लिन 3-1 ने पुढे होता, तिथून 4-3 झाली. बॉलकडे नको, लिचिनच्या पायांकडे बघा, तो प्रत्येक फोरहँडला किती खाली बसतो आणि सातव्या गेमलाही तितकाच खाली बसतो.