मुलांच्या जुलाबातला परजीवी ओळखताना या चुका टाळा

विष्ठेच्या रिपोर्टवर ‘जिआर्डिया आढळला’, म्हणजे आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी सापडला, असं लिहून आलं की दीड वर्षाच्या मुलाच्या जुलाबाचं कारण सापडलं असं वाटतं आणि तपास तिथेच थांबतो. सूक्ष्मदर्शकाखाली ८ ते १२ मायक्रोमीटरची लंबगोल सिस्ट, म्हणजे परजीवीचं कवचबंद रूप, दिसते, पण ती कुठल्या प्रकारची हे डोळ्यांना कळत नाही. जिआर्डिया ड्युओडेनॅलिसचे ए ते एच असे आठ जनुकीय गट आहेत, त्यांना असेम्ब्लेज म्हणतात. माणसांत प्रामुख्याने ए आणि बी, कुत्र्यांत सी आणि डी, गुरं-मेंढ्यांत ई, मांजरांत एफ. दिसायला सगळे सारखेच. संसर्ग कुठून आला याचा माग काढायचा असेल तर हा फरक ओळखावाच लागतो, आणि तो ओळखताना ठरावीक ठिकाणी पाय घसरतो.

चूक बहुतेक वेळा डबीतच असते

गट ओळखायला पीसीआर करतात: डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या, त्या जेलवर पट्ट्यासारख्या दिसतात. माझी पहिलीच बॅच वाया गेली होती. जेलवर पॉझिटिव्ह कंट्रोलचा (परजीवीचा डीएनए खात्रीने असलेल्या नमुन्याचा) पट्टा लखलखीत, नमुन्यांच्या लेन मात्र कोऱ्या. मी दोन आठवडे प्रायमर (तो तुकडा नेमका पकडणारे डीएनएचे छोटे धागे) आणि तापमान बदलत बसले. शेवटी कळलं, नमुने फॉर्मलिनमध्ये आले होते. स्लाइडसाठी फॉर्मलिन उत्तम, पण त्यात डीएनए तुटतो आणि प्रथिनांशी जखडला जातो. पीसीआर करायचं असेल तर नमुना गोळा करतानाच एक भाग वेगळा काढा: लगेच गोठवा, नाहीतर इथेनॉलमध्ये किंवा २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये थंड ठेवा. डायक्रोमेट वापरलं तर डीएनए काढण्याआधी नमुना पुन्हा पुन्हा धुवा, तेही पीसीआरला अडवतं. आईवडिलांनी आजारी लेकराचा नमुना विश्वासाने दिलेला असतो. तो असा फुकट जाऊ देऊ नका.

डबी ठीक असूनही पट्टा येत नसेल तर दोन शंका घ्या. पहिली भिंतीची. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाबातल्या दुसऱ्या परजीवीची ऊसिस्ट (त्याचं कवचबंद रूप) जेमतेम ४ ते ६ मायक्रोमीटरची, पण तिची भिंत पाण्यातल्या क्लोरीनलाही दाद देत नाही. डीएनए काढायच्या किटमधलं नुसतं बफर (द्रावण) तिथे कमी पडतं. आलटून पालटून गोठवणं-वितळवणं किंवा बारीक मण्यांसोबत जोरात हलवणं लागतं. दुसरी शंका विष्ठेतल्या अडथळ्यांची, म्हणजे पित्तक्षार आणि पॉलिसॅकराइड्स. तोच डीएनए दहापट पातळ करून लावा. पातळ केल्यावर पट्टा आला, तर परजीवी होता, अडथळ्याने लपवला होता. अंतर्गत कंट्रोल (नमुन्यातच मिसळलेला ओळखीचा डीएनए) न लावता ‘निगेटिव्ह’ लिहू नका.

एका जनुकावर निकाल देऊ नका

जिआर्डियासाठी बीटा-जिआर्डिन, जीडीएच आणि टीपीआय ही जनुकं वापरतात. एकाच मुलाच्या नमुन्यात एक जनुक ए म्हणतं, दुसरं बी म्हणतं, असं होतं. अनेकजण त्यातला नकोसा निकाल गुपचूप वगळतात. तसं करू नका. तो मिश्र संसर्ग असू शकतो, आणि दोन प्रायमर-जोड्यांनी दोन वेगळे प्रकार उचललेले असू शकतात.

क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे सिक्वेन्सिंग करून डीएनएचा क्रम वाचताना मिळणाऱ्या आलेखात, एकाच जागी दोन शिखरं दिसली तर आणखी सावध. जिआर्डियाच्या ट्रोफोझॉइटमध्ये (आतड्यात वाढणाऱ्या रूपात) दोन केंद्रकं आणि जीनोमच्या चार प्रती असतात. या प्रतींत आपापसात फरक असू शकतो, आणि बी गटात तो जास्त दिसतो. त्यामुळे दुहेरी शिखर दोन प्रकारांचं आहे की एकाच पेशीतल्या प्रतींचं, हे साध्या सँगर सिक्वेन्सिंगवरून ठरत नाही. उंच शिखर निवडून ‘नवा उपप्रकार’ जाहीर करणं ही मला सगळ्यांत घातक चूक वाटते, कारण तो क्रम डेटाबेसमध्ये जातो आणि पुढचे सगळे त्याच्याशी तुलना करत राहतात. क्लोनिंग करा (एकेक प्रत वेगळी करून वाचा), किंवा नव्या पिढीचं सिक्वेन्सिंग करा. दोन्ही शक्य नसेल तर ‘मिश्र संकेत’ असं स्पष्ट लिहा.

क्रिप्टोस्पोरिडियमचा उपप्रकार जीपी६० जनुकावरून ठरतो. आयआयए ए१५जी२आर१ या नावात आयआयए हे कुटुंब, ए१५ म्हणजे टीसीए ही तीन अक्षरं पंधरा वेळा, जी२ म्हणजे टीसीजी दोनदा आणि आर१ म्हणजे एसीएटीसीए एकदा. डोळ्यांनी मोजताना एक पुनरावृत्ती सहज निसटते आणि नावच बदलतं, म्हणून दोन्ही दिशांनी वाचलेल्या क्रमांवर मोजा.

आणि क्रिप्टोस्पोरिडियमची पार्वम ही प्रजाती दिसली की ‘पार्वम म्हणजे गुरांकडून आलेला’ असं गृहीत धरू नका. पार्वमचंच आयआयसी कुटुंब मुख्यतः माणसाकडून माणसाकडे पसरतं. नुसतं प्रजातीचं नाव पाहून घरच्या वासराला दोष दिला, तर खरा स्रोत तसाच राहतो.

सापडला म्हणजे त्यानेच आजारी पाडलं असं नाही

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जेम्स (GEMS) या मुलांच्या जुलाबाच्या कारणांवरच्या अभ्यासात आफ्रिका आणि दक्षिण आशियातली सात केंद्रं होती. तिथे क्रिप्टोस्पोरिडियम हे तान्ह्या मुलांच्या मध्यम ते तीव्र जुलाबाच्या आघाडीच्या कारणांत निघालं. जिआर्डियाचा मात्र अशा जुलाबांशी तसा संबंध दिसला नाही, निरोगी मुलांतही तो भरपूर सापडला. म्हणून त्याच वयाच्या निरोगी मुलांचे नमुने नसतील तर ‘अमुक गटाने जुलाब होतात’ असं म्हणू नका. रोटाव्हायरससारखं दुसरं कारण सोबत आहे का, तेही तपासा.

एन्टामिबा या तिसऱ्या परजीवीचंही तसंच. आजार करणारी हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार या त्याच्या दोन प्रजातींच्या चार केंद्रकांच्या सिस्ट हुबेहूब सारख्या. परजीवीशास्त्रज्ञ ब्रम्प्ट यांनी १९२५ साली डिस्पार वेगळा असल्याचं मांडलं, ते मान्य व्हायला १९९३ उजाडलं. पीसीआर किंवा हिस्टोलिटिकाच ओळखणारी अँटिजेन चाचणी न करता सिस्ट दिसली म्हणून लहान मुलाला मेट्रोनिडाझोल हे परजीवीवरचं औषध देणं टाळा. क्रिप्टोस्पोरिडियमवर तर ते चालतच नाही, तिथे नायटाझोक्सानाइड वापरतात. ओआरएस आणि झिंक मात्र कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता सुरू करायचं.

औषधानंतर जिआर्डिया पुन्हा दिसला की लगेच ‘औषधाला दाद देत नाही’ असा शेरा मारला जातो. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही नमुने तपासा. प्रकार वेगळा निघाला तर बहुधा नवा संसर्ग झालाय, आणि मग घरातलं पाणी, भावंडं, हात धुणं याकडे बघा. प्रकार तोच निघाला तर औषध लागू न पडणं आणि नवा संसर्ग, दोन्ही शक्यता उभ्या राहतात, कारण घरातल्याच कुणाकडून तोच प्रकार पुन्हा आलेला असू शकतो. अशा वेळी घरातल्या इतरांचेही नमुने मागवा, प्रत्येकाचे वेगवेगळ्या दिवशी तीन, कारण सिस्ट रोज पडत नाहीत.