खांद्याची कंडरा दुखावली असताना पोट-कमरेचे व्यायाम कसे करावेत

हात उचलताना खांद्याच्या स्नायूंच्याही क्षणभर आधी पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आवळला जातो, हे पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात स्नायूंतील विद्युत्-संकेत मोजून दाखवले. धडच डळमळीत असेल, तर खांद्याच्या गोळ्याला उथळ खोबणीत धरून ठेवणाऱ्या ‘रोटेटर कफ’च्या चार लहान स्नायूंवर आणि त्यांच्या कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, जास्तीचा भार येऊ शकतो. म्हणूनच खांद्याला विश्रांती असतानाही पोट-कमरेचे काम थांबवू नये, असे माझे ठाम मत आहे. मात्र कंडरा फाटली असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काहीही सुरू करू नये.

प्रथम पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत आणि दुखऱ्या हाताच्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवावा, म्हणजे दंड मागे कलंडून दुखऱ्या कंडरेवर किंवा शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर ताण येणार नाही. चांगल्या हाताची बोटे ओटीपोटावर टेकवून, श्वास सोडता सोडता बेंबीखालचा भाग हलकेच आत ओढावा. तो १० सेकंद धरावा आणि त्या वेळात श्वास चालूच ठेवावा. श्वास कोंडला जात असेल, तर जोर जास्त लागतो आहे असे समजावे. असे १० वेळा करावे. ही पायरी क्षुल्लक वाटून बरेच जण ओलांडतात, पण पुढचे सारे हिच्यावर उभे आहे.

हे साधले, की त्याच स्थितीत पोट आवळून कंबर उचलावी, म्हणजे सेतुबंधासनाचा सोपा प्रकार करावा. पुढे दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून वर धरावेत आणि एकेका टाचेने जमिनीला स्पर्श करून पाय परत आणावा. त्या वेळी कमरेची कमान वाढू देऊ नये. कुशीवरचा प्लँक, म्हणजे कोपरावर भार घेऊन शरीर फळीसारखे सरळ धरणे, केवळ चांगल्या बाजूवर, गुडघे टेकवून करावा.

दुखऱ्या हातावर भार देण्याची मुभा मिळाल्यावर आधी भिंत, मग टेबलाची कड आणि शेवटी जमीन असा क्रम ठेवावा. आता धड आणि हात यांची सांगड घालायची असते. कोपर आणि बरगड्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी धरून, पोट आवळून, रबरी पट्टा हळूहळू बाहेरच्या बाजूला ओढावा. पुढे हात डोक्याच्या दिशेने नेताना आरशात एका बाजूने पाहावे. बरगड्या पुढे येत असतील किंवा कंबर मागे झुकत असेल, तर खांद्यात नसलेली उंची पाठीकडून उसनी घेतली जात आहे, म्हणून हात तिथेच थांबवावा.

खांद्यात तीव्र कळ आली, किंवा रात्रीचे दुखणे वाढले, तर एक पायरी मागे यावे. सूर्यनमस्काराची सवय असलेल्यांना तो लवकर सुरू करण्याची घाई होते, ती मी समजू शकतो. परंतु त्यातील साष्टांग स्थितीकडे खाली जाताना शरीराचा बराच भार दोन्ही खांद्यांवर येतो, त्यामुळे तो सर्वांत शेवटी आणि तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावा.