काव्यस्पर्धेला कविता पाठवण्याआधी

फेब्रुवारी लागला की गावोगावची वाचनालयं, कॉलेजं आणि मंडळं काव्यस्पर्धा जाहीर करतात, कारण २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. बक्षीस पाचशे रुपये आणि एक सन्मानचिन्ह असलं तरी नियमांचा कागद लांबलचक असतो. कविता तयार असली तरी आधी तो वाचा. ओळींची मर्यादा वीस असेल आणि तुमच्या बावीस होत असतील, तर दोन ओळी जोडून एक करू नका, ते लगेच दिसतं, कडवंच काढा. 'स्वरचित व अप्रकाशित' असं लिहिलं असेल, तर फेसबुकवर टाकलेली कविता चालते का, हे संयोजकांना फोन करून विचारा. कवितेच्या पानावर नाव नको म्हटलं असेल तर टोपणनावही नको, आणि मक्त्यात, म्हणजे गझलेच्या शेवटच्या शेरात, स्वतःचं नाव गुंफणाऱ्या गझलकारांनी तो शेर या वेळी घरी ठेवावा.

विषय 'माय मराठी' असेल तर पहिल्या झटक्याला सुचेल ते सगळं बाजूला सारा. अमृताची पैज, सह्याद्रीचे कडे, टाळ-मृदंग यांनी परीक्षकांचा गठ्ठा आधीच भरलेला असतो. त्यापेक्षा रेशनच्या दुकानात आजी दुकानदाराशी कशी भांडते, ते लिहा, तीही मराठीच.

वृत्तात लिहिलं असेल तर एकेक ओळ लगावली, म्हणजे लघू (ल) आणि गुरू (गा) अक्षरांचा क्रम, मांडून तपासा. भुजंगप्रयातात ओळीला १२ अक्षरं, लगागा चार वेळा. याच वृत्तातले मनाचे श्लोक कानात बसलेल्या परीक्षकाला एक लघू चुकला तरी खटकतो. अष्टाक्षरीत अक्षरं मोजायची, मात्रा नव्हेत, आणि जोडाक्षर एकच धरायचं. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. वृत्तासाठी 'आणि'चं 'आणी' करावं लागलं तर बिचकू नका, साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनीच कवीला तेवढी मोकळीक दिली आहे. मुक्तछंदात मात्र ही सबब नाही. तिथे 'आणी' ही चूकच.

टंकलेखन युनिकोडमध्ये करा. पीडीएफ दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून रफार आणि 'तऱ्हा'मधला 'ऱ्हा' जागेवर आहेत ना ते बघा. प्रवेशशुल्क थोडंफार असायला हरकत नाही. पण 'आपली निवड झाली, आता प्रातिनिधिक संग्रहाच्या पाच प्रती घ्या' असा निरोप आला तर तो धंदा आहे, पैसे भरू नका.

सादरीकरण असेल तर घरी उभं राहून, घड्याळ लावून मोठ्याने म्हणा. तीन मिनिटांत प्रस्तावनाही धरतात, म्हणून ही कविता कधी आणि कशी सुचली ते सांगत बसू नका. पाठ असली तरी मोठ्या अक्षरांतला कागद हातात असू द्या, तोही पुठ्ठ्याला लावून, कारण स्टेजवरचा पंखा कोणाची गय करत नाही. चाल लावायचा मोह होतोच, पण गळा नसेल तर सरळ वाचलेलं बरं.

अर्जात स्वतःचं नाव देवनागरीत, सुटं आणि स्वच्छ लिहा. प्रमाणपत्रं आदल्या रात्री कोणीतरी घाईघाईत भरतं, आणि बक्षीस मिळालंच तर व्हाइटनर लावलेलं नाव भिंतीवर टांगावं लागतं.