पद्मिनी की मारुती ८००? दोन काळांतल्या गाड्यांची तुलना कशी करावी

प्रीमियर पद्मिनी आणि सुरुवातीच्या वर्षांतली मारुती ८०० यांतून एक निवडायची असेल, तर आधी प्रत्येक गाडी कोणत्या काळातली आहे ते लक्षात घ्यावे. पद्मिनीची मूळ रचना १९५० च्या दशकातल्या फियाट ११०० ची आहे, तर सुझुकीच्या तंत्रावर बनलेली मारुती डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. एकीचे इंजिन १०८९ सीसीचे, दुसरीचे ७९६ सीसीचे. तरीही दोघींची ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपासच आहे. खरा फरक वजनाचा आहे. मारुती पद्मिनीपेक्षा दोनेकशे किलोंनी हलकी असल्यामुळे तिचे लहान इंजिनही चपळ वाटते. म्हणून दोन्ही गाड्या एकाच दिवशी, तितकीच माणसे बसवून, नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर चालवून पाहाव्यात.

नागपुरात सर्वांत महत्त्वाची कसोटी उन्हाची आहे आणि ती शक्यतो मे महिन्यात, भर दुपारीच घ्यावी. पद्मिनीचा रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर, म्हणजे इंजिनच्या गतीवर फिरतो. त्यामुळे सीताबर्डीच्या गर्दीत गाडी जागच्या जागी उभी असताना, हवेची गरज सर्वाधिक असते नेमका तेव्हाच तो मंदावतो. मारुतीचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी तापले की इंजिनची गती कितीही कमी असली तरी पूर्ण वेगाने फिरतो. गर्दीतून बाहेर पडल्यावर दोन्ही गाड्या दहा मिनिटे बंद ठेवाव्यात आणि पुन्हा सुरू करून पाहाव्यात. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली तर पंप ते ओढू शकत नाही आणि गाडी सुरू होण्यास त्रास देते. हा दोष कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, कोणत्याही गाडीत येऊ शकतो. तो दिसला म्हणून गाडी नाकारू नये, मात्र नळी इंजिनच्या तापलेल्या भागाला चिकटून गेली आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. ज्याने आजवर नव्याच गाड्या चालवल्या आहेत, त्याने या दोन्हींची सवय होईपर्यंत मत बनवू नये.

कागदपत्रांच्या बाबतीत एक भेद आहे. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. मारुतीला ती मुदत गाठायला अजून अवकाश आहे. तिची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतन करावी लागते.

शेवटी गालिचा उचलून तळाचा पत्रा पाहावा आणि रंगाखाली पुट्टी आहे का, हे चुंबक लावून तपासावे. या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच सारा भार पेलते. त्यामुळे जिचा तळ सडला आहे तिचे इंजिन कितीही सुरेख चालत असले, तरी मी दुसरीच घेईन.