थर्मोडायनॅमिक्स ऑनलाइन शिकायचंय? व्याख्यानं अशी निवडा

यूट्यूबवर थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता, कार्य आणि ऊर्जा यांचं शास्त्र, हा शब्द टाकला की व्हिडिओंचा ढीग समोर येतो. दहा मिनिटांत पहिला नियम, परीक्षेच्या आदल्या रात्रीची उजळणी, मध्येच कुठल्यातरी विद्यापीठाचं तासाभराचं व्याख्यान. यातलं पुष्कळसं बरोबरच असतं. तरीही असे तुकडे बघून हा विषय येत नाही, कारण इथली प्रत्येक व्याख्या आधीच्या व्याख्येवर उभी असते. सिस्टिम (अभ्यासासाठी सीमा आखून वेगळा धरलेला भाग) कशाला म्हणायचं हे पक्कं नसेल तर तिची स्टेट, म्हणजे स्थिती, कळत नाही, स्टेट कळली नाही तर आंतरिक ऊर्जा हे नुसतं नाव उरतं, आणि एन्ट्रॉपीपाशी पोचेपर्यंत विद्यार्थी सूत्रं पाठ करायला लागलेला असतो. म्हणून शोधायचा तो एक सलग, पूर्ण अभ्यासक्रम. बाकीचे व्हिडिओ त्याच्या मदतीला.

पहिली पायरी: तुम्हाला कोणतं थर्मो हवंय?

एकाच नावाखाली निदान चार विषय शिकवले जातात. मेकॅनिकलच्या थर्मोमध्ये स्टीम टेबल, रँकिन आणि ऑटो सायकल, टर्बाइन आणि काँप्रेसर असतात. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये मिश्रणं आणि फेज इक्विलिब्रियम यांवर भर असतो. रसायनशास्त्राचा विद्यार्थी लवकरच गिब्ज ऊर्जेकडे वळतो. भौतिकशास्त्रात हा विषय पुढे रेणूंच्या सांख्यिकीत जाऊन मिळतो. पहिले दोन-तीन आठवडे सगळीकडे सारखेच वाटतात, वाटा त्यानंतर फुटतात. त्यामुळे तुमच्या विद्यापीठाचा, किंवा गेटची (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची) तयारी असेल तर गेटचा, अभ्यासक्रम छापून शेजारी ठेवा आणि ऑनलाइन कोर्सच्या व्याख्यानांची यादी त्याच्याशी ताडून पाहा. निम्म्याहून जास्त विषय जुळत नसतील तर शिक्षक कितीही नामवंत असोत, तो कोर्स तुमच्यासाठी नाही.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी थेट विद्यापीठाच्या व्याख्यानांकडे धावू नये. बालभारतीच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकांत या विषयाचं एकेक प्रकरण आहे आणि पीडीएफ मोफत मिळते. ती प्रकरणं आधी वाचायची, मग खान अकॅडमीचे छोटे व्हिडिओ बघायचे. एवढी पायाभरणी पुरते.

दुसरी पायरी: शोध कुठून सुरू करायचा

विषयाच्या नावाने शोधण्यापेक्षा संस्थेच्या आणि शिक्षकाच्या नावाने शोधा, आणि सुटा व्हिडिओ न उघडता प्लेलिस्ट उघडा. प्लेलिस्ट संस्थेच्या स्वतःच्या चॅनेलवरची असावी. दुसऱ्याच कुणीतरी चढवलेल्या प्रतींत व्याख्यानं गाळलेली किंवा क्रम उलटसुलट झालेला असतो, आणि नोट्स तर नसतातच.

इंजिनिअरिंगवाल्यांनी सुरुवात एनपीटीईएलपासून करावी. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून उभा केलेला हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम आहे. त्यातला आयआयटी खरगपूरच्या एस. के. सोम यांचा बेसिक थर्मोडायनॅमिक्स हा कोर्स फळा-खडूचा, संथ आणि तपशीलवार आहे. दुसऱ्या वर्षाच्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला मी आधी तोच सुचवेन. आयआयटी मुंबईच्या यू. एन. गायतोंडे आणि यू. व्ही. भांडारकर यांची व्याख्यानंही शोधून पाहावीत. परदेशी अभ्यासक्रमांपैकी मिशिगन विद्यापीठाच्या मार्गारेट वुलड्रिज यांचा कोर्सेरावरचा प्रास्ताविक कोर्स सोपा आहे आणि ऊर्जेच्या प्रत्यक्ष वापराला धरून चालतो.

रसायनशास्त्रासाठी एमआयटी ओपनकोर्सवेअरवरचा ५.६० क्रमांकाचा कोर्स घ्या: थर्मोडायनॅमिक्स अँड कायनेटिक्स, वसंत सत्र २००८. शिकवणारे मौंगी बावेंडी आणि कीथ नेल्सन. यातल्या बावेंडींना २०२३ साली क्वांटम डॉट्सच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. इतक्या मोठ्या संशोधकाने पदवीच्या वर्गापुढे खडू घेऊन शून्यावा नियम समजावून सांगितलेला आपल्याला घरबसल्या, फुकट बघायला मिळतो, याचं मला फार अप्रूप आहे. व्याख्यानांसोबत नोट्स, प्रश्नसंच आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकाही आहेत.

भौतिकशास्त्राकडून यायचं असेल तर येल विद्यापीठाचे आर. शंकर. हे मूळचे आयआयटी मद्रासचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्यांच्या फंडामेंटल्स ऑफ फिजिक्स या कोर्सच्या पहिल्या भागातली २१ ते २४ ही शेवटची चार व्याख्यानं तापमानापासून एन्ट्रॉपीपर्यंत जातात. पूर्ण कोर्सची जागा ती घेणार नाहीत, पण विषयाचा सांगाडा इतका स्पष्ट दिसतो की इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनीही ती एकदा बघावीत.

तिसरी पायरी: परीक्षा दुसऱ्या नियमाच्या व्याख्यानाची घ्या

कोर्स निवडताना बहुतेक जण पहिलं व्याख्यान पाहतात आणि आवडलं तर पुढे जातात. पहिलं व्याख्यान सगळ्यांचंच बरं असतं. तुम्ही सरळ दुसऱ्या नियमाचं आणि एन्ट्रॉपीचं व्याख्यान उघडा. आत्ता ते कळणार नाही, पण शिक्षक अवघड जागी काय करतो ते कळेल.

तिथे मुक्त प्रसरणाचं उदाहरण येतं का ते शोधा. एक उष्णतारोधक डबा, मधोमध पडदा, एका बाजूला एक मोल आदर्श वायू, दुसरीकडे निर्वात. पडदा काढला की वायू दुप्पट जागेत पसरतो. उष्णता आत आली नाही, कार्य घडलं नाही, आंतरिक ऊर्जा तेवढीच, तापमानही तेच. मग एन्ट्रॉपी वाढली का? विद्यार्थी लगेच उष्णता भागिले तापमान करतो आणि शून्य म्हणतो. खरं उत्तर आहे ५.७६ जूल प्रति केल्विन.

चांगला शिक्षक इथे थांबतो. ते सूत्र फक्त रिव्हर्सिबल, म्हणजे हळूहळू जाणाऱ्या आणि उलट फिरवता येणाऱ्या, मार्गाला लागतं, हे तो सांगतो. मग त्याच दोन स्थितींना जोडणारा दुसरा मार्ग घेतो: तोच वायू ३०० केल्विनला हळूहळू, पिस्टन ढकलत, दुप्पट होऊ द्यायचा. आता तो सुमारे १,७२९ जूल कार्य करतो आणि तेवढीच उष्णता बाहेरून घेतो. १,७२९ भागिले ३०० म्हणजे ५.७६. एन्ट्रॉपी फक्त स्थितीवर अवलंबून असल्यामुळे पडदा काढलेल्या डब्यातही बदल तेवढाच. फरक आहे तो परिसरात. पिस्टनच्या वेळी परिसराने ५.७६ गमावले, एकूण बेरीज शून्य. डब्याच्या वेळी परिसराने काहीच गमावलं नाही, आणि ती वाढ कायमची राहिली. हे सगळं एखाद्या व्याख्यानात मिळालं तर तो कोर्स धरा. एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था एवढंच म्हणून शिक्षक पुढच्या गणिताकडे गेला तर दुसरा शोधा.

मेकॅनिकलवाल्यांनी आणखी एक व्याख्यान तपासावं, ते पाण्याच्या फेज डायग्रामचं (कोणत्या तापमानाला आणि दाबाला बर्फ, पाणी की वाफ, ते दाखवणारा आलेख). स्टीम टेबलमधले आकडे शिक्षक स्वतः वाचून दाखवतो का? क्रिटिकल पॉइंट, म्हणजे ३७४ अंश सेल्सिअस आणि सुमारे २२१ बार, ओलांडल्यावर पाणी उकळत का नाही हे सांगतो का? नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रातले ६६० मेगावॅटचे सुपरक्रिटिकल संच या मर्यादेच्या वरच चालतात. हे कळल्याशिवाय त्यांच्या बॉयलरमध्ये नेमकं काय घडतं ते समजणार नाही.

चौथी पायरी: कार्याचं चिन्ह पहिल्याच पानावर लिहून ठेवा

दोन कोर्स एकत्र बघणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. इंजिनिअरिंगमध्ये सिस्टिमने केलेलं कार्य धन मानतात, म्हणून आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता वजा कार्य. रसायनशास्त्रात सिस्टिमवर झालेलं कार्य धन, म्हणून उष्णता अधिक कार्य. एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकांतही हाच फरक आहे. सोम सरांचा कोर्स पहिल्या पद्धतीने जातो, एमआयटीचा दुसऱ्या. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाचं सूत्र दुसऱ्याच्या गणितात घातलं की उत्तर उलटं येतं. तुमच्या मुख्य कोर्सची पद्धत वहीत लिहा आणि बाहेरचा प्रत्येक व्हिडिओ बघताना आधी हे तपासा.

पाचवी पायरी: बघण्याइतकाच वेळ सोडवण्याला

प्रश्नसंच नसलेला कोर्स मुख्य कोर्स म्हणून घेऊ नका. आठवड्याला दोन व्याख्यानं आणि त्यांवरची सात-आठ गणितं हा वेग कॉलेज सांभाळून झेपतो. शिक्षक उदाहरण मांडतो तिथे व्हिडिओ थांबवा, सिस्टिमची सीमा स्वतः आखा, काय आत येतं आणि काय बाहेर जातं ते बाणांनी दाखवा, मगच पुढे बघा.

अडखळायला होतं ते पुष्कळदा गणितामुळे. पार्शल डेरिव्हेटिव्ह नीट येत नसेल तर मॅक्सवेल रिलेशन्सपाशी गाडी थांबणार हे नक्की. एक आठवडा राखून खान अकॅडमीवर तेवढा भाग आधी करून घ्या.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी व्याख्यान जड जातं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. सबटायटल चालू ठेवा, वेग पाऊणपट करा आणि व्याख्यानाची लेखी प्रत मिळत असेल तर ती आदल्या दिवशी वाचा. येलच्या कोर्सची अशी प्रत संकेतस्थळावरच आहे. वहीत स्वतःच्या टिपा मात्र मराठीत लिहा. एन्थाल्पी, एन्ट्रॉपी हे शब्द तसेच राहू देत, त्यांच्याभोवतीचं वाक्य तुमचं हवं. ते जमलं नाही तर ते व्याख्यान पुन्हा बघायचं.

गावात नेटचा भरवसा नसेल तर एनपीटीईएलचे व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेता येतात.

प्रमाणपत्र हवं असेल तर

स्वयम् पोर्टलवर एनपीटीईएलचे कोर्स जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत चालतात. नोंदणी आणि शिकणं मोफत, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला तेवढी फी. २५ गुण साप्ताहिक गृहपाठाला, ७५ परीक्षेला, आणि प्रमाणपत्रासाठी अनुक्रमे निदान १० आणि ३० गुण लागतात. गृहपाठाच्या तारखा चुकवू नका. क्रेडिट हवे असतील तर तुमचं कॉलेज त्या कोर्सचे क्रेडिट धरतं का हे नोंदणीच्या आधी विचारा.

मुख्य कोर्स संपल्यावर

एन्ट्रॉपी मोजता येते, पण ती मुळात असते तरी काय, हा प्रश्न छळायला लागला तर स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सकडे, म्हणजे वर म्हटलेल्या रेणूंच्या सांख्यिकीकडे, वळायची वेळ झाली असं समजा. स्टॅनफर्डच्या लेनर्ड ससकाइंड यांची २०१३ सालची व्याख्यानमाला थोडं कॅलक्युलस येणाऱ्या कुणालाही झेपेल. त्यानंतर आयआयटी मद्रासचे व्ही. बालकृष्णन. एनपीटीईएलवरच्या त्यांच्या व्याख्यानांत गणित जास्त आहे, म्हणून एका बैठकीत अर्धंच व्याख्यान घ्यावं आणि प्रत्येक पायरी कागदावर स्वतः करून पाहावी.