तांबड्या रक्तपेशींची साठवण: या चुका टाळा

तांबड्या पेशींच्या पिशवीवरची मुदत उलटलेली नसली म्हणजे पिशवी चांगली, असे पुष्कळ जण गृहीत धरतात. प्रत्यक्षात ती तारीख एका अटीवर दिलेली असते: रक्त घेतल्यापासून रुग्णाला देईपर्यंत पिशवी योग्य तापमानात आणि योग्य रीतीने हाताळली गेली असेल, तरच ती खरी. थंडीमुळे पेशीचे जगणे थांबत नाही, केवळ मंदावते. २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानातही पेशी ग्लुकोज वापरत राहते, लॅक्टिक आम्ल साचत जाते, पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी घटते, पोटॅशियम बाहेर पाझरते आणि ऊतींना प्राणवायू सोडून देण्यास मदत करणारे २,३-डीपीजी साधारण दोन आठवड्यांत जवळजवळ संपते. हे डीपीजी रुग्णाच्या शरीरात एक ते तीन दिवसांत पुन्हा तयार होते. फुटलेली पेशी मात्र परत मिळत नाही. म्हणून तासभर गरम झालेली पिशवी पुन्हा थंड केली, म्हणजे काही बिघडलेच नाही, ही समजूत सर्वांत आधी सोडली पाहिजे.

पहिली चूक पुष्कळदा रक्तदात्याच्या खुर्चीशेजारीच होते. ४५० मिलिलिटर रक्तासाठीच्या पिशवीत ६३ मिलिलिटर सीपीडीए-१ हे गोठणरोधक द्रावण असते आणि हे प्रमाण दोन्ही बाजूंनी सांभाळावे लागते. रक्त कमी आले तर सायट्रेट (द्रावणातील गोठण रोखणारा घटक) आणि आम्लता यांचे प्रमाण वाढते. जास्त आले, किंवा पिशवी सुरुवातीपासून हलकेच हलवत ठेवली नाही, तर बारीक गुठळ्या धरतात. अशी पिशवी नेहमीच्या साठ्यात मिसळू नये.

मुदत लिहिताना होणारी गफलतही याच टप्प्यावरची. सीपीडीए-१ मधील पेशी ३५ दिवस टिकतात, तर प्लाझ्मा काढून एसएजीएम हे पेशी टिकवणारे द्रावण मिसळलेल्या पेशी ४२ दिवस. एसएजीएममधील ॲडेनिन एटीपी टिकवून धरते आणि मॅनिटॉल पेशी फुटण्याचे प्रमाण कमी करते. पिशवीची बंदिस्त जोडणी एकदा उघडली, की थंड साठवणीतही २४ तासांच्या आत ती वापरावी लागते. विकिरण केलेल्या (गॅमा वा क्ष-किरणांचा मारा केलेल्या) पेशींतून पोटॅशियम अधिक वेगाने पाझरते, त्यामुळे त्यांची मुदत नव्याने ठरवून लिहावी लागते. जुने लेबल तसेच राहू देणे धोक्याचे आहे.

फ्रिजविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे. घरगुती फ्रिजमध्ये हवा सगळीकडे सारखी फिरत नाही, मागच्या भिंतीला टेकलेली पिशवी गोठू शकते, आणि ग्लिसरॉलसारख्या संरक्षक द्रावणाशिवाय गोठलेल्या तांबड्या पेशी वितळताच फुटतात. म्हणून रक्तासाठी बनवलेला, पंखा आणि अलार्म असलेला फ्रिजच हवा. तोही खच्चून भरला तर त्याचा उपयोग उरत नाही, कारण हवेला वाटच मिळत नाही. आणखी एक चूक नेहमी दिसते: सेन्सर उघड्या हवेत लोंबकळतो, दार उघडताच आकडा चढतो, अलार्म वारंवार वाजतो आणि कंटाळून कुणीतरी तो बंद करून ठेवते. सेन्सर पिशवीइतक्या द्रवात बुडवून ठेवला, तर पिशवीतील तापमानाचा खरा अंदाज येतो आणि खोटे इशारे कमी होतात. अलार्म मर्यादेच्या थोडा आधी वाजेल असा लावावा, त्याची बॅटरी ठरलेल्या काळाने तपासावी, आणि रात्री तो ऐकणारे कुणीतरी असावे. आकडा खरोखरच चढत असेल, तर आधी पिशव्या दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवाव्यात. दाराचे रबर सैल आहे की कॉम्प्रेसर बिघडला आहे, याचा शोध त्यानंतर. तंत्रज्ञ येईपर्यंत वाट पाहण्यात साठा जातो.

वाहतुकीत बर्फ पिशवीला थेट टेकवू नये. वॉर्डात गेलेली पिशवी ३० मिनिटांत परत आली नाही, तर ती पुन्हा साठ्यात घेऊ नये, असा जुना आणि अजूनही बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा नियम आहे. बाहेर काढलेली पिशवी चार तासांच्या आत देऊन संपवावी. ती गरम पाण्यात बुडवू नये. त्याच नळीतून डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) दिले तर पेशी फुटतात, आणि रिंगर लॅक्टेट या सलाईनमधील कॅल्शियममुळे रक्त गोठू शकते.

गुणवत्ता तपासणीत पेशी किती फुटल्या, याचे गणित पुष्कळदा चुकते. समजा, पेशींवरच्या द्रवातील हिमोग्लोबिन डेसिलिटरला ०.३ ग्रॅम, पिशवीतील एकूण हिमोग्लोबिन डेसिलिटरला २० ग्रॅम आणि हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग) ६० टक्के आहे. थेट भागाकार केला तर १.५ टक्के पेशी फुटल्या असे वाटते आणि पिशवी बाद ठरते. पण द्रवाने पिशवीचा ४० टक्केच भाग व्यापलेला असतो; तो हिशेबात धरला की खरे उत्तर ०.६ टक्के येते, जे युरोपातील ०.८ आणि अमेरिकेतील १ टक्का या दोन्ही मर्यादांच्या आत आहे. पिशवीला जोडलेल्या, सील केलेल्या नळीच्या तुकड्यातला द्रव लाल दिसला म्हणून घाबरून जाऊ नये, कारण सील करताना तिथल्या पेशी फुटलेल्या असू शकतात. उलट, तुकडा नेहमीसारखा असताना पिशवी काळपट वा जांभळट दिसली, तर ती ताबडतोब बाजूला काढावी. येर्सिनिया एन्टरोकोलिटिकासारखे जिवाणू ४ अंशांवरही वाढतात.

शेवटची चूक पिशवी निवडताना होते. ताजे रक्त अधिक गुणकारी म्हणून मागितले जाते आणि जुन्या पिशव्या मुदत संपून वाया जातात. २०१५ ते २०१७ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या एबल, रिसेस, इन्फॉर्म आणि ट्रान्सफ्यूज या मोठ्या चाचण्यांत ताज्या पेशींमुळे प्रौढ रुग्णांच्या जगण्यात फायदा झाल्याचे दिसले नाही. नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचे असेल, तेव्हा पोटॅशियममुळे ताजी पिशवी मागण्यास सबळ कारण असते. इतर वेळी जिची मुदत आधी संपते, ती पिशवी पुढच्या रांगेत ठेवावी.