दीर्घिकांतला वायू आणि ताऱ्यांचा जन्म: प्रकल्पात या चुका टाळा

मराठवाड्यात धरणाचा आकडा कसा वाचायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे 102 टीएमसी, पण त्यातले 26 टीएमसी मृतसाठा, हे पैठणच्या पानटपरीवरही माहीत असतं. तरीही आमची एम.एस्सी.ची मुलं दीर्घिकांवर (गॅलेक्सींवर) प्रकल्प करायला बसली की पहिलं वाक्य हमखास लिहितात: 'जिथे वायू जास्त, तिथे तारे जास्त जन्मतात.' त्यातला जिवंत साठा, म्हणजे तारे घडवू शकेल असा वायू किती, हे कुणी विचारतच नाही.

21 सेंटिमीटरच्या रेडिओ रेषेत (म्हणजे त्या तरंगलांबीच्या रेडिओ लहरींत) दिसतो तो अणुरूप हायड्रोजन. तो बऱ्याचदा ताऱ्यांच्या चकतीच्याही बाहेर लांबवर, विरळ पसरलेला असतो. तारे मात्र जन्मतात थंड, दाट रेणुरूप ढगांत, जिथे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दहा-वीस अंश असतं. मॅलिन-1 या अवाढव्य दीर्घिकेत आपल्या आकाशगंगेच्या कित्येक पट अणुरूप हायड्रोजन आहे, पण तो इतका विरळ की तिची चकती अगदी फिकट राहिली. उलट टोकाला एम-87. लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे वायू संपलेली, असं लिहू नका. तिच्याभोवती वायू भरपूर आहे, पण कोटी अंशांच्या घरातला, क्ष-किरणांत चमकणारा. आभाळ भरून आलंय आणि पाऊस नाही, ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणून अणुरूप आणि रेणुरूप वायूचे रकाने वेगळे ठेवा. थंड रेणुरूप हायड्रोजन स्वतः जवळपास काहीच प्रकाश देत नाही. त्याचा अंदाज कार्बन मोनॉक्साइडच्या 2.6 मिलिमीटर रेषेवरून बांधतात. छोट्या अनियमित दीर्घिकांत कार्बन-ऑक्सिजनच कमी असतो, तिथे ही रेषा दिसली नाही म्हणून रेणुरूप वायू नाहीच, असं ठरवू नका.

आता एक्सेलमधला शून्य. सूचीत काही दीर्घिकांपुढे वायूचा रकाना रिकामा असतो. मुलं तिथे 0 भरतात, मग लॉग घेताना एरर येतो, मग ती ओळच उडवतात. झालं, वायू कमी असलेल्या सगळ्या दीर्घिका आलेखातून गायब! रिकामा रकाना म्हणजे एक तर कुणी पाहिलंच नाही, नाहीतर पाहिलं पण सिग्नल गोंगाटाखाली राहिला. दुसऱ्या प्रकारात वरची मर्यादा (वायू जास्तीत जास्त किती असू शकतो) लिहा आणि बिंदूऐवजी खाली जाणारा बाण काढा. गोंगाटाखाली काय दडलेलं असतं याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 7,653 दीर्घिकांचे सिग्नल एकत्र करून सुमारे 800 कोटी वर्षांपूर्वीचा सरासरी अणुरूप हायड्रोजन मोजला, ते 2020 साली प्रसिद्ध झालं. एकेकटी बघितली असती तर त्यातली एकही दिसली नसती. निष्कर्षही मोठा: त्या वेगाने तारे बनत राहिले तर तो साठा एक-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. म्हणजे दीर्घिका साठ्यावर नाही, आवकेवर जगते.

रंगाबद्दल थोडक्यात: लाल दिसते म्हणून मेलेली (तारे जन्मणं थांबलेली), असं नाही. एम-82 मध्ये तारे धडाक्यात जन्मतायत, पण धूळ इतकी की नुसत्या दृश्य प्रकाशावर हिशेब केला तर तारानिर्मिती फार कमी निघते. अवरक्त मोजमाप जोडा.

सगळ्यात मजेशीर घोटाळा गेल्या वर्षी परभणीच्या एका मुलीच्या शीटमध्ये सापडला. अणुरूप हायड्रोजनचं वस्तुमान सौरवस्तुमानात काढायचं सूत्र असं: 2,36,000 गुणिले अंतराचा वर्ग (मेगापार्सेकमध्ये; एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे 33 लाख प्रकाशवर्षं) गुणिले 21 सेंमी रेषेखालचं क्षेत्रफळ (जान्स्की-किमी प्रतिसेकंद; जान्स्की हे रेडिओ सिग्नलच्या तीव्रतेचं एकक). अंतर तिने हबलच्या नियमाने, म्हणजे दीर्घिकेच्या दूर जाण्याच्या वेगाला 70 ने (हबल स्थिरांकाने) भागून काढलं होतं. एम-90 या सर्पिल दीर्घिकेचा वेग आहे उणे 235 किमी प्रतिसेकंद; ती आपल्याकडे येतेय. अंतर निघालं उणे 3.4 मेगापार्सेक. पुढे वर्ग केल्यावर उणे चिन्ह गुपचूप नाहीसं झालं, आणि उत्तर दिसायला अगदी साळसूद! एम-90 आहे कन्या दीर्घिकासमूहात, सुमारे 16.5 मेगापार्सेकवर. वायूचं वस्तुमान वीस पटींहून जास्त कमी आलं होतं. ताऱ्यांचं वस्तुमान तिने सूचीतून आयतं घेतलं होतं, म्हणजे योग्य अंतरावर काढलेलं. दोन्हीला एकच अंतर वापरलं असतं तर वायू आणि ताऱ्यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर निदान शाबूत राहिलं असतं. अशा समूहांत हबलच्या नियमाने अंतर काढू नका, मोजलेलं अंतर घ्या.

तिने अंतर दुरुस्त केलं, आलेखात एम-90चा बिंदू वर सरकला, पण बाकीच्या सर्पिल दीर्घिकांच्या तरी खालीच राहिला. ती पुन्हा सूत्र तपासायला बसली. मी म्हटलं, 'बाई, आता थांब, ही चूक नाही.' एम-90 समूहातल्या तप्त वायूतून वेगाने धावतेय, आणि त्या वाऱ्याने तिचा बराचसा वायू खरवडून नेलाय.